मोटार, भीड आणि लेखी तक्रार

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या संमेलनात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्हांस पडला. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला आहे, वधूवर-सूचक समितीचा अहवाल आपण ऐकला आहे, आणि ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर बोलण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी समोर बसलेली आहेत. आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांस बाराखडी व पाढे शिकविले. तेव्हा आमच्या कुवतीत बसेल, परंतु आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडेल, असा एक लहानसा विषय आम्ही निवडला आहे. मोटारीचे ब्रेक व सस्पेन्शन बिघडले असता विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरशी व्यवहार कसा करावा, हा तो विषय होय.

विषय ऐकून काही मंडळी हसली. त्यांचे हसणे आम्हांस समजते. सस्पेन्शन म्हटले की आम्हां मास्तर लोकांस प्रथम निलंबनाचा हुकूमच आठवतो! परंतु आम्ही बोलत आहोत ते चाकांच्या वरच्या त्या रचनेविषयी, जिच्या आधारावर गाडीचा सारा भार पेललेला असतो. जुन्या गाड्यांना लोखंडी कमानपाटे असत. आजच्या लहान मोटारींना पुढे स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर आणि खाली लोअर आर्म असतो, व त्याच्या सांध्यांत रबराचे बुश असतात.

आपल्या ज्ञातीत चाळीस वर्षांपूर्वी मोटार बाळगणारी घरे बोटांवर मोजता येत. आज या कार्यालयाच्या आवारात गाड्या लावावयास जागा उरलेली नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि, मोटार घरात आली तरी मोटारीचा व्यवहार अजून आपल्या अंगवळणी पडलेला नाही. तोळाभर सोने घेताना आपण वजन डोळ्यांनी पाहतो, पावती मागतो, घडणावळ किती लागली ते विचारतो. त्याच्या कितीतरी पट किमतीची मोटार मात्र दुरुस्तीस देताना समोरच्या कागदावर न वाचता सही करून मोकळे होतो. आम्हीही तेच केले, आणि त्याचे फळ आम्हांस पसरणीच्या घाटात मिळाले. तीच हकीकत आज सांगावयाची आहे. तीत दोष केवळ दुसऱ्याचा नाही. आमचा वाटा बराच मोठा आहे.

आम्ही २०२१ च्या दसऱ्याला एक लहान मोटार घेतली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या विक्रेत्याकडून ती घेतली, तेथील दुरुस्ती विभागाचे व्यवस्थापक आपल्याच ज्ञातीतील तरुण गृहस्थ होते. त्यांचे किंवा त्या संस्थेचे नाव आम्ही येथे घेणार नाही. ते उचितही नाही व त्याची आवश्यकताही नाही. आपला माणूस तेथे आहे, आता काळजी नाही, असे आम्ही घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितले. गाडीची हमी, म्हणजे आजच्या भाषेत वॉरंटी, दोन वर्षांची अथवा चाळीस हजार किलोमीटरची, यांपैकी जे आधी होईल त्याची होती.

२०२२ च्या पावसाळ्यात गतिरोधकावरून गाडी नेताना पुढच्या डाव्या चाकाकडून खट् असा आवाज येऊ लागला. जुलैमध्ये गाडी घेऊन गेलो. व्यवस्थापकांनी चहा मागविला, घरची चौकशी केली आणि ते म्हणाले, “काका, या गाडीला थोडा आवाज असतोच. आपली सवय व्हावी लागते.” आम्ही समाधानाने परतलो. नोव्हेंबरात आवाज वाढला. पुन्हा गेलो, पुन्हा चहा झाला, दोन नट आवळल्याचे सांगण्यात आले. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिसरी खेप झाली, त्या वेळी ब्रेक दाबला असता गाडी किंचित डावीकडे ओढते हेही आम्ही सांगितले. “चाकांचे अलाइनमेंट करून देतो,” असे उत्तर मिळाले.

या तिन्ही खेपांस कामाचा जो कागद तयार झाला, ज्यास जॉब कार्ड म्हणतात, त्यावर एवढेच शब्द होते : सामान्य तपासणी. आवाज नाही, डावे चाक नाही, ब्रेकची ओढ नाही. त्याखाली आमची सही होती. हल्ली ती सही काचेच्या पाटीवर बोटाने घेतात. विद्यार्थ्याने न वाचता उत्तरपत्रिकेवर सही केली तर आम्ही त्याचा कान धरला असता. येथे आमचा कान धरावयास कोणी नव्हते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आलेल्या चिरंजीवांनी गाडी चालवून पाहिली व आम्हांस स्पष्टच विचारले, “हे लिहून दिले आहे काय?” आम्ही म्हणालो, “अरे, आपलेच गृहस्थ आहेत. लिहून देणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल.” चिरंजीवांनी आमचे ऐकले नाही. चौथ्या खेपेस त्यांनी तक्रार जॉब कार्डावर शब्दशः लिहवून घेतली आणि तीच विक्रेत्याच्या व मोटार-कंपनीच्या ग्राहकसेवेच्या पत्त्यावर ई-मेलने पाठविली. आम्हांस त्या वेळी त्यांचा रागच आला. पुढे त्या एका कागदानेच आमची लाज राखली.

ऑक्टोबरात वॉरंटी संपली. नोव्हेंबरात नियमित सर्व्हिसिंग करून घेतले. त्याच्या बिलात ब्रेक ऑइल बदलल्याचे लिहून पैसे घेतले होते. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही, आमच्या सौभाग्यवती, कन्या व सहा वर्षांची नात, असे चौघे पाचगणीहून वाईस उतरत होतो.

पसरणीचा घाट आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवर आहे आणि वाई सातशेच्या आसपास. म्हणजे पावणेसहाशे मीटरांच्या आसपास उतरावयाचे. नात खिडकीतून धोमचे पाणी पाहत होती. आम्ही गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सारा उतार ब्रेकवर उतरत होतो. निम्म्या घाटात जळका वास आला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तो पाय मऊ लागला, आणि त्याच्या पुढच्या वेळी पाय तळापर्यंत गेला. गाडी थांबेना.

त्या क्षणी आम्ही काही विचार केला असे सांगणे खोटे ठरेल. हाताने गिअर तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर आणला. पायाने ब्रेक भराभर चारपाच वेळा हापसला. हँडब्रेक थोडा थोडा ओढला. आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चारीत घातली. पुढचे चाक चारीत अडकले व गाडी थांबली. कोणास इजा झाली नाही. नातीने विचारले, “आजोबा, आपण पोचलो का?” या प्रश्नाचे उत्तर आमच्या तोंडून बराच वेळ निघाले नाही.

आता यंत्र समजून घेऊ, कारण यंत्र समजल्यावाचून तक्रार नीट लिहिता येत नाही. ब्रेकच्या पेडलवर आपण पाय देतो, तो दाब नळ्यांतील द्रवातून चारही चाकांपर्यंत जातो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलेला नियम आपण शाळेत शिकलो आहोत. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच हे घडते. परंतु या ब्रेक ऑइलचा एक अवगुण आहे : ते हवेतील ओलावा शोषून घेते. नेहमीच्या वापरातील डॉट ४ जातीचे कोरे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हेच प्रमाण १५५ अंशांवर येते. म्हणूनच पुष्कळ उत्पादक दर दोन वर्षांनी ते बदलावयास सांगतात.

आता एक गणित करू. माणसांसह बाराशे किलोची गाडी पावणेसहाशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सारी उष्णता झाली तर वीस लिटरांहून अधिक गार पाणी उकळीस येईल. गिअर खालचा ठेवला तर त्यातील मोठा वाटा इंजिन अडवून धरते. वरचा ठेवला तर बहुतेक भार ब्रेकवरच पडतो. डिस्क तापते, पॅड तापतात, ती उष्णता ऑइलात उतरते आणि ओलसर ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, परंतु वाफ दाबली जाते. मग पाय तळाला जातो आणि चाकापर्यंत दाब पोहोचतच नाही.

यातील सर्वांत घातक गोष्ट पुढे आहे. गाडी अर्धा तास उभी राहिली की बुडबुडे विरून जातात व ब्रेक पूर्ववत लागू लागतो. आजारी मूल वैद्याच्या दारात पोचताच खेळू लागावे, तसा हा प्रकार होय. दुसऱ्या दिवशी आमची गाडी उचलून विक्रेत्याकडे नेली, तेव्हा तेथील मंडळींनी ती मैदानात दोन फेऱ्या फिरवून सांगितले, “ब्रेक उत्तम आहेत. चालकाने घाटात ब्रेक धरून ठेवला, ही चालकाची चूक.” त्यांचे अर्धे म्हणणे खरे होते, म्हणूनच ते खोडून काढणे कठीण होते.

सस्पेन्शनचा ब्रेकशी संबंध काय, असे कोणी विचारील. प्रत्येक टायरचा रस्त्यास टेकलेला भाग जवळपास तळहाताएवढाच असतो. गाडी थांबते ती अखेर या चार तळहातांच्या बळावर. शॉक अब्सॉर्बर निकामी झाला तर चाक रस्त्यावर उड्या मारू लागते, आणि हवेत असलेले चाक गाडी थांबवू शकत नाही. लोअर आर्मचे बुश सैल झाले तर ब्रेक दाबताच चाकाची दिशा किंचित बदलते व गाडी एका अंगास ओढते. आमची गाडी डावीकडे ओढत होती ती यामुळे. म्हणजे वर्षभर ज्यास आम्ही किरकोळ आवाज समजत होतो, तो सूचनेचा घंटानाद होता.

आता भांडण कसे झाले ते सांगतो. त्या दिवशी आम्ही प्रथम फार मोठ्याने बोललो. त्याचा उपयोग शून्य झाला. मग ज्ञातीतील एका वजनदार गृहस्थांकडून व्यवस्थापकांस दूरध्वनी करविला. त्याचाही उपयोग झाला नाही. उलट त्यांस तो दबाव वाटला आणि चहासुद्धा बंद झाला. तेव्हा आम्ही घरी येऊन, चाळीस वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी शिकविल्याप्रमाणे, तारीखवार टिपण तयार केले.

गाडी त्यांच्या ताब्यात ठेवण्यापूर्वी ती वाईतील एका जुन्या मिस्त्रींस दाखविण्याचे शहाणपण चिरंजीवांना सुचले होते. त्या मिस्त्रींनी लेखणीसारख्या एका उपकरणाने ब्रेक ऑइल तपासले, तेव्हा त्यात चार टक्क्यांच्या आसपास पाणी दिसले. ऑइलाचा रंग काळा पडला होता. तीन महिन्यांपूर्वी नवे घातलेले ऑइल असे असणे कठीण होते. पुढचा डावा लोअर आर्म त्यांनी पहारीने हलवून दाखविला. बुशाचे रबर फाटले होते. या साऱ्याची छायाचित्रे घेतली व मिस्त्रींकडून त्यांच्या दुकानाच्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या.

मग विक्रेता व मोटार-कंपनी या दोघांच्याही नावे पत्र लिहिले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विक्रेता हा बहुधा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी असतो. दुरुस्तीत चूक झाली की कंपनी त्याच्याकडे बोट दाखविते, आणि भाग सदोष निघाला की तो कंपनीकडे बोट दाखवितो. दोघांमध्ये आपला चेंडू होऊ द्यावयाचा नसेल तर पहिल्या पत्रापासून दोघांसही प्रतिपक्ष करावे. पत्रात आम्ही शिवीगाळ केली नाही, नवी गाडीही मागितली नाही. तीनच गोष्टी मागितल्या : कंपनीच्या अभियंत्याने आमच्यासमक्ष गाडी तपासावी, मुदतीत लेखी कळविलेल्या सस्पेन्शनच्या दोषाची दुरुस्ती विनामूल्य करावी, आणि न केलेल्या कामाचे पैसे परत द्यावेत.

पंधरा दिवस उत्तर आले नाही. तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचविते व तडजोडीस वाट करून देते. तेवढ्याने कंपनीचा अभियंता आला. समक्ष चाचणी झाली. तो म्हणाला, “ऑगस्टची ही नोंद वॉरंटीच्या मुदतीतली आहे. ती नसती तर मला काहीच करता आले नसते.” दोन्ही बाजूंचे लोअर आर्म व डावा शॉक अब्सॉर्बर विनामूल्य बदलले गेले. ब्रेक ऑइलचे व गाडी उचलून नेल्याचे पैसे विक्रेत्याने परत केले. जळलेले पॅड व वाकलेल्या डिस्क मात्र आम्ही आमच्या पैशांनी बदलल्या, कारण घाटात ब्रेक धरून ठेवण्याची चूक आमची होती. हा निवाडा आम्हांस न्याय्य वाटला, आणि प्रकरण तेथेच मिटले.

मिटले नसते तर काय, हेही सांगणे अवश्य आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यास २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. तत्पूर्वीच १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली होती, ही आपणां महाराष्ट्रीयांस अभिमानाची गोष्ट होय. जुन्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याअन्वये आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या गावी धावावे लागत नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत ते दोनशे रुपये आहे. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. भिडेखातर वेळ दवडणाऱ्यांनी ही दोन वर्षे विशेष लक्षात ठेवावीत.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ मंडळी रागाच्या भरात सारी गाडीच बदलून मागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका प्रकरणात असे म्हटले आहे की, वॉरंटीत दोषयुक्त भाग दुरुस्त करण्याची वा बदलून देण्याची हमी असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम त्यापलीकडे जातो. तेव्हा मागणी दोषाच्या मापाची असावी. दुसरे असे की, बाहेरच्या मिस्त्रीस हात लावू दिला की वॉरंटी सरसकट गेली, अशी भीती घातली जाते. स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार-कंपन्यांविरुद्ध जो आदेश दिला, त्यात अशी सरसकट अट घालू नये असे सांगितले होते. त्या आदेशाविरुद्ध अपिले झाली, हे खरे. म्हणून वॉरंटी चालू असेतो बाहेर केवळ तपासणी करवावी, खोलाखोल करवू नये, हे आमचे सावध मत आहे.

आता आमच्या अनुभवाचे सार थोडक्यात मांडतो. शिक्षकास पाच मुद्दे सांगितल्यावाचून चैन पडत नाही, याची क्षमा असावी.

पहिला मुद्दा : लक्षण लिहा, निदान लिहू नका. ‘शॉक अब्सॉर्बर बदला’ असे लिहिले तर तो तपासून ठीक असल्याचे सांगतात व तक्रार बंद होते. ‘वीस किलोमीटरच्या वेगाने गतिरोधकावरून नेता पुढील डाव्या चाकाजवळ खट् आवाज होतो, सकाळी अधिक होतो’ असे लिहावे. दिवस, मीटरवरील आकडा, वेग, रस्ता, गाडी थंड की तापलेली, हे सारे त्यात यावे.

दुसरा मुद्दा : जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही करू नये. आपले शब्द त्यावर नसतील तर लिहावयास लावावे, व एक प्रत घरी आणावी. ‘सामान्य तपासणी’ या दोन शब्दांनी आमचे एक वर्ष खाल्ले.

तिसरा मुद्दा : तंत्रज्ञास शेजारी बसवून गाडी स्वतः चालवून दाखवावी. जेथे आवाज होतो त्याच रस्त्यावर न्यावी. भ्रमणध्वनीवर आवाज टिपून ठेवावा.

चौथा मुद्दा : बदललेला जुना भाग पाहावयास मागावा. डिस्कची जाडी मोजून लिहावयास सांगावी; ती किती झिजल्यावर बदलावी याचे किमान माप बहुधा डिस्कवरच कोरलेले असते. ब्रेक ऑइल बदलावयाचे असल्यास समोर उभे राहावे.

पाचवा मुद्दा : पायरी चुकवू नये. प्रथम सर्व्हिस सेंटर, मग कंपनीची ग्राहकसेवा, मग पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस, मग १९१५, आणि अखेरीस जिल्हा आयोग. प्रत्येक पायरीचा कागद पुढच्या पायरीवर कामास येतो. त्याबरोबरच आपल्या गाडीचा भाग कंपनीने स्वतःच परत मागविला आहे काय, हे चेसिस क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. सदोष वाहने परत मागविण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेली असून तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत.

बंधुभगिनींनो, आता आमच्या मनातील मूळ गोष्ट. प्रकरण मिटल्यावर काही महिन्यांनी ते व्यवस्थापक दिवाळीच्या फराळास आमच्या घरी आले. आम्हांस संकोच वाटला, त्यांसही वाटला. मग ते म्हणाले, “काका, एक विचारू? पहिल्याच खेपेस तुम्ही लिहून का दिले नाही? वॉरंटीतल्या कामाचे पैसे आम्हांस कंपनीकडून मागून घ्यावे लागतात. ग्राहकाची लेखी तक्रार नसेल तर कंपनी विचारते, तुम्ही भाग बदललाच कशासाठी? तुम्ही लिहून दिले असते, तर पहिल्या महिन्यातच मी आर्म बदलून दिला असता.” आम्ही म्हणालो, “आणि तुम्ही आम्हांस तसे का सांगितले नाही?” ते खाली पाहून म्हणाले, “तुम्ही वडीलधारे. ‘लिहून द्या’ असे कसे म्हणावे, याची मला भीड वाटली. न बदललेल्या ऑइलाचे बिल झाले, ती मात्र आमचीच चूक. ती मी नाकारीत नाही.”

पाहा, म्हणजे आम्हांस त्यांची भीड आणि त्यांस आमची भीड! या दोन भिडांच्या मधून आमची नात घाटात उतरत होती. भीड भिकेची बहीण, असे आपले पूर्वज सांगून गेले आहेत. आमच्या बाबतीत ती त्याहूनही भयंकर कोणाची बहीण ठरली असती, तो शब्द या मंगल प्रसंगी उच्चारवत नाही.

ज्ञातिसंस्था म्हणजे परस्परांस आधार. तो आधार असावाच. परंतु आपल्या माणसाकडे गेलो म्हणून पावती नको, कागद नको, तपासणी नको, असा आपुलकीचा अर्थ आपण लावतो, तेव्हा आपुलकीचेच नुकसान होते. लेखी तक्रार हा अविश्वास नव्हे. ज्याच्याशी संबंध टिकवावयाचा आहे, त्याच्याशी तर व्यवहार अधिकच स्वच्छ असला पाहिजे. उद्या आपल्यापैकी कोणी दुकानदार असेल, कोणी दुरुस्तीगृहाचा मालक असेल. याच स्मरणिकेत त्यांच्या जाहिराती असतील. त्यांना आमची विनंती अशी की, ज्ञातिबांधव दारात आला तर चहा जरूर द्यावा, परंतु चहाबरोबर जॉब कार्डही पुढे करावे व म्हणावे, “आधी आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहा.”

एक सूचना करून आम्ही आपली रजा घेतो. आपल्या तरुण शाखेतील दोघातिघांनी महिन्यातून एक रविवार संस्थेच्या कार्यालयात बसावे आणि ज्या ज्ञातिबांधवांस असे पत्र लिहिता येत नाही त्यांस ते लिहून द्यावे. मोटारीचेच असे नाही. विमा, दवाखाना, वीज, कोणत्याही व्यवहाराचे. वृद्ध मंडळींस व एकट्या राहणाऱ्या भगिनींस याचा फार उपयोग होईल. शुद्धलेखन तपासण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेऊ. तेवढी लाल शाई आमच्या दौतीत अजून शिल्लक आहे.

आमची गाडी आज बाहेर उभी आहे. गतिरोधकावर आता आवाज होत नाही. घाट उतरताना आम्ही गिअर दुसऱ्यावर ठेवतो, आणि मागच्या आसनावरून नात दर वेळी आठवण करून देते, “आजोबा, ब्रेकवर पाय कमी!” तिला हे कोणी शिकविले नाही. परतीचा प्रवास सर्वांचा सुखरूप होवो अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून आमचे भाषण पुरे करतो.